काटा डॉट एच

कुपवाडच्या एमआयडीसीत, पत्र्याच्या शेडमध्ये
आम्ही वजनकाटे बनवतो.
खाली लोखंड, मध्ये लोड सेल, वर चौकोनी ताट,
आणि नखाएवढ्या चिपमध्ये
मी लिहिलेलं सी.

बाबगोंडा सरांनी निवृत्त होताना
एकच फाइल हातात दिली: सर्व डॉट एच.
तिच्यात सगळे. डिस्प्ले, प्रिंटर, कीपॅड, घड्याळ,
कधीच बंद पडलेला एक मोडेमसुद्धा.
‘चुलीस निमंत्रण देऊन ठेवलंय,’ म्हणाले,
‘कुणी राहायला नको.’

कुणी राहिलं नाही, खरंय.
पण कुठे एक ओळ हलली की उठलीच सगळी पंगत,
एकेचाळीस फाइली पुन्हा पहिल्या वाढपापासून,
आणि मी टपरीवर जाऊन, चहा पिऊन,
ऊस भरलेले चार ट्रॅक्टर मोजून परत आले
तरी कंपाइलर वाढतोच आहे.

म्हणून यादी करायला बसले.
खरंच कुणाला कोण लागतं?
प्रिंटरला घड्याळ लागतं, पावतीवर वेळ छापायला.
कीपॅडला कुणीच नको.
डिस्प्लेला वजनाचं नुसतं नाव पुरतं:
असा एक जण आहे, एवढं कळलं
की तो पत्ता हातात धरून उभा राहतो,
घरात डोकावत नाही.

दोघी मात्र अडून बसल्या.
ही म्हणे आधी ती, ती म्हणे आधी ही;
तलाठी म्हणतो सर्कलची सही आणा,
सर्कल म्हणतो तलाठ्याचा अहवाल.
दोघींचं सामाईक होतं ते उचलून तिसरीकडे ठेवलं.
वाद मिटला.

मग प्रत्येकीच्या दारात राखणदार,
दोन ओळी उंबऱ्याशी, एक परसात:
हे नाव अजून नोंदलं नसेल
तर नोंद, आणि आत घे.
नोंदलं असेल तर गुपचूप परत पाठव.
एका फाइलीत नीट लिहिला,
बाकीच्यांत चिकटवत गेले.
साडेसहाची बस होती.

एकही चूक नाही. एकही इशारा नाही.
काटा सांगलीच्या मार्केट यार्डात गेला.

तिसऱ्या दिवशी हमाल ऐवळेमामांचा फोन:
‘ताई, रिकामं पोतं ठेवलं तरी
हा नऊशे ग्रॅम हळद दाखवतोय.’

बारदान डॉट एचच्या दारात
काटा डॉट एचचंच नाव राहिलं होतं.
काटा आधी आत गेलेला.
बारदान आलं, राखणदाराने वही पाहिली,
‘हे तर येऊन गेलेत.’
आणि आत, बारदान वजा करायचं का, अशी अट होती;
ज्याची ओळखच नाही त्याला
ही भाषा अटीत शून्य धरते.
चिडत नाही. विचारत नाही.

तीन दिवस व्यापारी
ताग हळदीच्या भावाने घेत होते,
आणि तक्रार आली ती
ज्याच्या पाठीला दोन्ही सारखंच जड, त्याच्याकडून.

आमच्या अंकलखोपात सुजाता चौगुले तिघी.
माझं नोकरीचं पत्र आठ दिवस
मळ्यातल्या सुजाताच्या फडताळात होतं.
तिला वाटलं, विम्याचं असेल.
तेव्हापासून मी बापाचं नाव लावते, आईचंही लावते,
आणि फाइलींना एवढुसं नाव देऊन मोकळी झाले होते!

पोत्यांच्या थप्पीवर लॅपटॉप ठेवून
एकेकीचं पूर्ण नाव लिहिलं: कुळ, फोल्डर, मग स्वतःचं.
अनोळखी दिसला तर ओरड, असा इशाराही चालू केला.
कळफलक पिवळा झाला. अजून आहे.

ऐवळेमामांनी रिकामं पोतं ठेवलं.
शून्य.
मग पोतं काढून स्वतःच चढले.
काट्याने त्यांचंही बारदान वजा केलं,
पावती छापली: हळद, एकसष्ट किलो शंभर.

‘बासष्ट आहे मी,’ मामा म्हणाले,
आणि पावती घडी घालून
बंडीच्या खिशात ठेवली.